दाढीमास्तरांची उलटी कवायत

दाढीमास्तरांना स्वतःला दाढी नव्हती. नाव पडलं होतं ते धंद्यावरून. मशीनच्या जमान्यात वस्तऱ्याने दाढी करणारा आसपासच्या चार गल्ल्यांत त्यांच्यासारखा दुसरा कुणी नाही, असं लोक म्हणत. लोक म्हणायचे थांबले की मास्तर स्वतःच म्हणत. वय छप्पन्न. दुकानात दोन खुर्च्या. आतल्या खुर्चीवर त्यांची लेक केस कापायची आणि दाराजवळची खुर्ची मास्तरांची. समोर भिंतभर आरसा होता. त्यामुळे दुकान आहे त्याच्या दुप्पट वाटायचं, आणि मास्तरांनी तो लावला होताही त्याचसाठी.

अशा माणसाचा उजवा हात थरथरायला लागला.

सुरुवात कपबशीपासून झाली. चहाचा कप खाली ठेवताना बशीवर टकटक वाजलं. मास्तरांनी बशीला दोष दिला आणि दुसऱ्या दिवसापासून पेल्यातून चहा प्यायला लागले. मग शर्टाचं गळ्याजवळचं बटण लागेना, तर बटणाला दोष दिला. पण पंधरा दिवसांनी विमा एजंटाच्या कानाच्या पाळीला वस्तरा लागला, तेव्हा दोष द्यायला कुणी उरलं नाही. मास्तरांनी तुरटी फिरवली. एजंट भला माणूस, हसून म्हणाला, "मास्तर, आता तुमच्या खुर्चीत बसायचं तर आधी विमा उतरवायला हवा." दुकानातले सगळे हसले. मास्तरही हसले, पण त्या रात्री आपला हात दिव्याखाली धरून बराच वेळ बघत बसले.

कारण हा हात त्यांनी आधी पाहिला होता. तो त्यांच्या वडिलांचा होता.

सदतीस वर्षांपूर्वी हेच दुकान, हीच दाराजवळची खुर्ची. वडील दाढी करायचे आणि एकोणीस वर्षांचे मास्तर बाजूला उभे राहून साबणाचा फेस करायचे. त्या दिवशी खुर्चीत शाळेचे हेडमास्तर होते. वडिलांचा हात थरथरला आणि हेडमास्तरांच्या गालावर बोटभर लांब रेघ उठली. हेडमास्तर ओरडले नाहीत. रुमाल गालाला लावून एवढंच म्हणाले, "तू घे रे वस्तरा. वडिलांना बसू दे आता." मास्तरांनी हात पुढे केला. वडिलांची बोटं लगेच सुटली नाहीत. मास्तरांना जरासं ओढावं लागलं. उरलेली दाढी त्यांनी केली, छान केली, हेडमास्तरांनी पाठ थोपटली. वडिलांनी त्यानंतर वस्तऱ्याला हात लावला नाही. अकरा वर्षं ते दुकानात केर काढत राहिले, आणि दाढी चालू असली की आरशाकडे पाठ करून बसायचे.

ती जराशी ओढ मास्तरांच्या बोटांना अजून आठवत होती. आता कोण ओढणार, हाही प्रश्न नव्हता. आतल्या खुर्चीवर लेक उभी होती.

झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणून मास्तरांनी हात झाकायला सुरुवात केली. खांद्यावरचा टॉवेल हातावर आला. दाढीचं गिऱ्हाईक आलं की त्यांना एकदम फोन आठवायचा, नाहीतर पाठ भरून यायची. "तू घे गं एवढी," म्हणून ते लेकीकडे ढकलायचे. लेक काही विचारायची नाही, हेही त्यांना खटकायचं. डॉक्टरकडे ते गेले नाहीत. डॉक्टरकडे गेलं की आजाराला नाव मिळतं, आणि एकदा नाव मिळालं की तो घरचाच होऊन बसतो, असं त्यांचं मत. मत कसलं, भीतीच ती.

एवढं सगळं निभावलं असतं. पण मंगळवार आणि शुक्रवार निभत नव्हते.

मंगळवारी आणि शुक्रवारी अकरा वाजता मास्तर पेटी घेऊन हेडमास्तरांच्या घरी जात. तेच हेडमास्तर, आता ऐंशीचे. सदतीस वर्षांत त्यांनी दुसऱ्या कुणापुढे गाल केला नव्हता. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं, जिना उतरणं बंद झालं, तेव्हापासून मास्तरच जिना चढत. गेल्या हिवाळ्यात सुनेने त्यांना दाराशीच थांबवून हळू आवाजात सांगितलं होतं, "मास्तर, बाबांना रक्त पातळ करायच्या गोळ्या सुरू झाल्यात. डॉक्टर म्हणाले, बारीकसुद्धा कापता कामा नये, रक्त लवकर थांबायचं नाही. मी मशीन आणलंय चांगलं, पण ते ऐकतच नाहीत. म्हणतात, तोच करेल, नाहीतर मी दाढी वाढवतो. तुमच्या हातावर भरवसा आहे म्हणून बरं."

मास्तर "हो हो" म्हणाले. तो हात तेव्हा खिशात होता.

त्यानंतरचा प्रत्येक मंगळवार सोमवारी सकाळीच सुरू व्हायचा. जेवण जायचं नाही. गुरुवारी बायकोवर उगाच खेकसायचे. हेडमास्तरांच्या गळ्यावरची कातडी आता सैल झाली होती. डाव्या हाताने ती ताणायची, उजव्या हाताची करंगळी गालावर टेकवायची म्हणजे हाताला आधार मिळतो, श्वास रोखायचा, आणि दोन थरथरींच्या मधल्या फटीत वस्तरा ओढून घ्यायचा. पूर्वी पंधरा मिनिटांत होणारी दाढी पाऊण तास चालायची. हेडमास्तर डोळे मिटून दगडासारखे बसून राहत, कधी काही बोलत नसत. खाली उतरल्यावर मास्तर जिन्याच्या शेवटच्या पायरीवर पेटी मांडीवर घेऊन बसत, आणि सगळं अंग घामाने भिजलेलं असे. सरळ नाही म्हणून का सांगत नव्हते? सांगितलं की संपलं. मग केरसुणी.

आता दुकानासमोरच्या मैदानाकडे वळू. तिथे रोज सकाळी साडेसहाला चौदा-पंधरा माणसं जमायची आणि पाण्याखाली असल्यासारखी हळूहळू हात हलवायची. मास्तर आधी त्यांची टिंगल करत. "बघा, यांना माशी हाकलायची आहे, पण माशीला दुखवायचं नाही." एक दिवस विमा एजंटानेच माहिती दिली. तोही त्यात होता. हा चिनी प्रकार, नाव ताई-ची. घाईगडबड नाही, धापा टाकणं नाही. मनावरचा ताण उतरतो, तोल सुधारतो. शिकवणाऱ्या बाई निवृत्त नर्स, परदेशात नोकरी करताना एका चिनी सहकारिणीकडून शिकल्या.

"हातांना बरं पडतं का?" मास्तरांनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"हातांना, पायांना, सगळ्यालाच. या की एकदा!"

छे, जायचं कसं? हातावर पोट असलेला माणूस हातासाठी काही करतोय, हे चौदा लोकांनी बघितलं की संध्याकाळपर्यंत चाळीस लोकांना कळतं. आणि थरथरत्या हाताच्या माणसापुढे गळा कोण करील? म्हणून मास्तरांनी आपल्या मते फार हुशारीचा मार्ग काढला. सकाळी सव्वासहाला दुकानात यायचं. दिवा लावायचा नाही. काचेच्या दाराकडे पाठ करून आरशासमोर उभं राहायचं. आरशात समोरचं मैदान दिसायचं, आणि पलीकडे तोंड करून उभ्या असलेल्या त्या चौदा जणांच्या पाठी. त्यांनी हात उचलला की मास्तरांनी उचलायचा, त्यांनी पाय टाकला की मास्तरांनी टाकायचा. हातात फडकं असायचंच. कुणी डोकावलंच तर आरसा पुसतोय म्हणता येईल.

बायको म्हणाली, "एवढ्या पहाटे दुकानात काय असतं?"

मास्तरांच्या तोंडून निसटलं, "ताई-ची..."

"कुठल्या ताईची?" बायको उठून बसली. मास्तरांनी शपथेवर सांगितलं की दुकानात आरशाशिवाय कुणी नसतं. आठ दिवस तिचा विश्वास बसला नाही.

सात महिने त्यांनी ही कवायत केली. पाठीचे बाक, खांद्यांचे उतार, कोण कधी वजन टाकतं, सगळं पाठ झालं. आणि खरं सांगायचं तर त्या पाऊण तासात बरं वाटायचं. फडकं धरलेला हात पाण्यातून ओढल्यासारखा जायचा आणि थरथर आहे की नाही याची आठवण राहायची नाही. पण साडेसातला पहिलं गिऱ्हाईक आलं की थरथर पुन्हा बोटांत हजर. उलट वाढलीच होती. एका शुक्रवारी हेडमास्तरांच्या हनुवटीखाली वस्तरा टेकवला आणि तो हात करंगळीचा आधार सोडून असा उसळला, की मास्तरांनी तो हवेतच मागे खेचला. लागलं नाही. पण लागलं असतं. त्या दिवशी जिन्याच्या पायरीवर ते अर्धा तास बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते दुकानात न जाता सरळ मैदानात गेले. आरशातून घेतलेलं औषध पुरेसं पडत नसेल, प्रत्यक्ष घेऊन बघू, असा त्यांचा हिशेब. शेवटच्या रांगेत विमा एजंटाच्या शेजारी उभे राहिले. आपल्याला सगळं येतं याचा मनातून थोडा तोराही होता.

नर्सबाईंनी सुरुवात केली. चौदा उजवे हात वर गेले आणि एक डावा. चौदा माणसं डावीकडे सरकली आणि मास्तर उजवीकडे. एजंटाच्या पोटात त्यांचं कोपर बसलं. मास्तरांना वाटलं एजंट चुकला. पुढच्या वळणाला ते सगळ्यांकडे तोंड करून उभे राहिले आणि समोर चौदा चेहरे बघून दचकले. सात महिने चेहरे बघायची सवय नव्हती.

जन्मभर आरशात बघून लोकांचे भांग पाडणारा माणूस, "साहेब, आरशात उलटं दिसतं" असं दिवसातून दहा गिऱ्हाइकांना सांगणारा, आणि स्वतः अख्खी कवायत उलटी शिकून बसला! लोक हसले, वाईट नाही हसले. मास्तर निघून जायला वळले.

"थांबा," नर्सबाई म्हणाल्या. जवळ येऊन त्यांनी हळूच विचारलं, "आरशात शिकलात ना? समोरच्या दुकानात? मला रोज दिसायचं, कुणीतरी आरसा फार सावकाश पुसतंय." मग त्यांची नजर खाली गेली. "आणि हा हात कधीपासून?"

टॉवेल दुकानात राहिला होता. मास्तरांनी हात पाठीमागे नेला, आणि त्यांचे डोळे एकदम भरून आले. वर्षभर कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी सगळं सांगून टाकलं. वडील, हेडमास्तर, गोळ्या, सगळं. शेवटी म्हणाले, "बाई, हे करून थांबेल ना?"

"ते मी सांगणार नाही," नर्सबाई म्हणाल्या. "हात का थरथरतो ते डॉक्टर सांगतील, त्यांच्याकडे याच आठवड्यात जायचं. मी चिठ्ठी देते. यानं हात थांबेलच असं नाही. घाबरणं थोडं कमी होतं, एवढं मी पाहिलंय. आणि घाबरलं की थरथर दुप्पट होते, ते तुम्हीही पाहिलंय." मग त्यांनी पायाकडे बोट दाखवलं. "तुम्ही हात छान उचलता, पण वजन चुकीचं टाकता. दोन्ही पायांवर घट्ट उभं राहून पाऊल उचलायला बघता. आधी एक पाय पूर्ण रिकामा करायचा, सगळं वजन दुसऱ्याला द्यायचं. रिकामा झालेला पायच उचलता येतो. पाठीकडून हे दिसत नाही."

एवढ्यावर सुटका झाली असती तर मास्तरांनी देवाचे आभार मानले असते. पण नर्सबाईंच्या डोक्यात दुसरंच आलं. "तुम्ही इथं पुढे उभे राहा, सगळ्यांकडे तोंड करून. तुमचा डावा तो यांचा उजवा. मला मागे फिरून लोकांचे गुडघे बघता येतील. इतकी वर्षं असा माणूस शोधत होते मी."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. जो हात वर्षभर टॉवेलखाली लपवला, तो चौदा जणांसमोर छातीइतका उंच धरायचा होता. मास्तरांनी धरला. थरथरला. सगळ्यांना दिसला. एजंटाने तर आपल्या कानाच्या पाळीला हात लावला. मास्तर पुढच्या हालचालीकडे गेले, चौदा जण त्यांच्यामागून गेले, आणि मैदान जागेवर राहिलं.

सोमवारपर्यंत गल्लीला कळलं होतं. दोन जुनी गिऱ्हाइकं दुकानावरून मान खाली घालून पुढे गेली. मास्तरांना ते लागलं; लागलं नाही असं कशाला म्हणा. दुपारी दुकान रिकामं असताना ते लेकीला म्हणाले, "तुला सांगायचं होतं एक..."

"हाताचं?" ती कात्री पुसत म्हणाली. "बाबा, भिंतभर आरसा लावलात तुम्ही. ह्या दुकानात काय लपतंय? तुम्ही कपबशी सोडलीत तेव्हाच कळलं मला."

"मग बोलली का नाहीस?"

"आजोबांची गोष्ट मला तुम्हीच सांगितलीत ना," ती म्हणाली. "माझ्यानं वस्तरा ओढवला नसता तुमच्या हातातून."

मास्तर बराच वेळ आरशाकडे बघत राहिले. हातच्या कांकणाला आरसा कशाला म्हणतात, पण त्यांना आपल्या लेकीचा चेहराही आरशातूनच बघायची सवय झाली होती. मग वळून तिच्याकडे सरळ बघत म्हणाले, "उद्या अकराला माझ्याबरोबर चल."

मंगळवारी मास्तर एकेका पायरीला एकेक शंका काढत जिना चढले. हेडमास्तर चिडतील, हाकलतील, दाढी वाढवून बसतील. किंवा तेच वाक्य पुन्हा म्हणतील, तू घे, वडिलांना बसू दे. ते वाक्य दुसऱ्यांदा ऐकण्यापेक्षा मास्तरांना काहीही चाललं असतं. हेडमास्तर खिडकीजवळच्या खुर्चीत टॉवेल गुंडाळून तयार बसले होते, डोळे मिटलेले. मास्तरांनी फेस लावला. ब्रशला थरथर चालते, फेस उलट छान होतो. मग वस्तरा उघडला, आणि त्याचं पातं खिडकीच्या उजेडात थरथरताना तिघांपैकी दोघांना दिसलं.

"सर," मास्तर म्हणाले, "माझा हात गेलाय. बाबांसारखा. वर्ष झालं. तुम्हाला न सांगता करत राहिलो. चुकलंच माझं. आजपासून लेक करेल. कातडी मी ताणून धरतो, वस्तरा तिचा."

त्यांनी वस्तरा लेकीपुढे धरला. तिने तो घेतला नाही. नुसता हात पसरून उभी राहिली. मास्तरांनी सगळं वजन डाव्या पायावर दिलं, उजवा पाय रिकामा केला, मग वस्तरा तिच्या तळव्यावर ठेवला आणि एकेक करत बोटं उघडली. शेवटी करंगळी उरली. तीही उघडली.

मास्तरांच्या डाव्या हाताखाली हेडमास्तरांची ती सैल कातडी गरम लागत होती. लेकीने पहिला हात कानापासून हनुवटीपर्यंत ओढला, मग दुसरा. मास्तर तिच्या हाताकडे बघत नव्हते. फेसात कुठे लाल दिसतंय का तेवढंच बघत होते. सोळा मिनिटांत दाढी झाली. कुठेही लाल नव्हतं. लेकीने ओला टॉवेल फिरवला तेव्हा हेडमास्तरांनी डोळे उघडले आणि इतका लांब श्वास सोडला, की सून स्वयंपाकघरातून धावत आली.

"काही नाही, काही नाही," हेडमास्तर तिला म्हणाले. मग मास्तरांकडे वळले. "वर्षभर मी दाढी होईपर्यंत श्वास रोखून बसत होतो. पाऊण पाऊण तास. ऐंशीव्या वर्षी हा काय व्यायाम झाला?"

मास्तरांचं तोंड उघडंच राहिलं. "सर, तुम्हाला ठाऊक होतं? मग बोलला का नाहीत? लागलं असतं म्हणजे? जीवावर बेतलं असतं!"

"म्हणून तर श्वास रोखायचो." हेडमास्तरांनी आपल्या गालावरून हात फिरवला, उजव्या गालावर, जिथे बोटभर जुनी पांढरी रेघ होती, तिथे थांबवला. "तुझ्या वडिलांच्या वेळी मी तोंड उघडलं होतं रे. नंतर अकरा वर्षं ते माझ्या पायांजवळचे केस झाडायचे, आणि मी खुर्चीत बसून आरशात त्यांची पाठ बघायचो. या वेळी तोंड उघडायचं नाही असं ठरवलं होतं. वस्तरा तू आपणहून खाली ठेवशील तेव्हा ठेवशील."

सुनेला काय चाललंय ते कळेना, तिने सवयीने विचारलं, "मास्तर, चहा?"

"घेतो," मास्तर म्हणाले.

शुक्रवारी डॉक्टर होते, आणि डॉक्टर काय नाव सांगतील ते कुणाला ठाऊक नव्हतं. चहा कपबशीतून आला. मास्तरांनी पेला मागितला नाही. उजव्या हाताने कप उचलला, घोट घेतला, खाली ठेवला, आणि बशीवर कप वाजला तेव्हा कुणी तिकडे मुद्दाम बघितलंही नाही आणि मुद्दाम दुसरीकडेही बघितलं नाही.